औषध कमी करणं हाच उपचार

किडनीचं प्रत्यारोपण होऊन चार-सहा महिने झालेत. रुग्ण हिंडतो-फिरतो आहे, तक्रार काही नाही. पण नेहमीच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढलेलं दिसतं. नव्या किडनीचं काहीतरी बिनसलंय. अशा वेळी दोन शक्यता डॉक्टरांची झोप उडवतात. एक तर शरीराने परका अवयव ओळखून त्यावर हल्ला चढवला असेल, म्हणजे रिजेक्शन. नाहीतर बीके नावाचा विषाणू किडनीच्या बारीक नलिकांमध्ये माजला असेल. पहिलं कारण असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची. दुसरं असेल तर तीच औषधं कमी करायची. निदान चुकलं तर उपचारच किडनीच्या मुळावर येतो.

बायॉप्सी केली, म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तरी गोंधळ लगेच मिटतो असं नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पांढऱ्या पेशींची तशीच गर्दी दिसू शकते. मग त्या तुकड्यावर विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी करतात. तिच्यात वापरलं जाणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) मुळात बीकेसाठी नव्हतंच. ते माकडांमधल्या एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनाविरुद्धचं. बीके हा त्याचाच जवळचा भाऊबंद असल्याने तोही त्यात सापडतो.

या बीकेची ओळख जगाला १९७१ साली झाली. किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो मिळाला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरंच त्याला चिकटली. तो काही दुर्मीळ नाही. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि किडनीत मुकाट पडून राहतो. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण टी-पेशींचा, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, पहारा चालू असतो. अवयव टिकावा म्हणून आपण नेमका तोच पहारा ढिला करतो.

बीकेवर खात्रीने चालणारं विषाणूरोधक औषध आजही नाही. अनेक वापरून पाहिली, एकही कसोटीला उतरलं नाही. म्हणून पहिले नऊ महिने साधारण दर महिन्याला रक्तातला विषाणू मोजणारी पीसीआर चाचणी करायची, विषाणू वाढताना दिसला की टॅक्रोलिमस किंवा मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस उतरवायचा आणि टी-पेशी जाग्या होण्याची वाट पाहायची. वाट पाहण्याचा हा काळ कठीण असतो. डोस जरा जास्त उतरला तर रिजेक्शन, कमी उतरला तर विषाणू. इकडे आड, तिकडे विहीर.

सायटोमेगॅलो विषाणूच्या, म्हणजे सीएमव्हीच्या बाबतीत मात्र औषधं हाताशी आहेत. हा हर्पिस कुळातला. एकदा शिरला की जन्मभर मुक्काम. दात्याला तो पूर्वी झालेला असेल आणि ज्याला अवयव मिळतो त्याला कधीच झालेला नसेल, तर धोका सर्वांत मोठा: अवयवासोबत विषाणू येतो आणि त्याला ओळखणारी एकही पेशी नव्या घरी नसते. ताप, पांढऱ्या पेशी घटणं, जुलाब ही त्याची नेहमीची लक्षणं. आतडी, फुप्फुसं, यकृत, काहीही त्याच्या तावडीत सापडू शकतं.

त्यावरचं जुनं, भरवशाचं औषध गॅन्सिक्लोव्हिर, आणि गोळीच्या रूपात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. हे औषध शरीरात निष्क्रिय रूपात जातं. त्याला चालू करण्याची पहिली पायरी सीएमव्हीचंच एक विकर (एन्झाइम), यूएल-९७, पार पाडतं. म्हणजे विषाणू स्वतःच्या हाताने स्वतःचं विष तयार करतो. पण त्या विकरात बदल झाला की औषध निकामी. शिवाय या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात. फॉस्कारनेट हा पर्याय आहे, पण ते मूत्रपिंडालाच इजा करू शकतं. ज्या अवयवासाठी एवढा खटाटोप, त्यालाच!

म्हणून गेल्या काही वर्षांत आलेल्या दोन औषधांचं महत्त्व. अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेलं मॅरिबाव्हिर थेट यूएल-९७लाच रोखतं. त्यामुळे ते गॅन्सिक्लोव्हिरसोबत देता येत नाही. एकाने जे विकर बंद पाडलं, त्याच्याच भरवशावर दुसरं चालतं. दुसरं लेटरमोव्हिर. सीएमव्हीचा डीएनए लांबलचक दोरीसारखा बनतो, मग त्याचे नेमके तुकडे कापून कवचात भरले जातात. लेटरमोव्हिर ही कापाकापी थांबवतं. माणसाच्या पेशीत अशी यंत्रणा नसल्याने रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला त्याचा त्रास फारसा होत नाही.

मग सगळ्यांना आधीपासूनच औषध का देऊ नये? देतात, काही महिने. अडचण ते बंद केल्यावर येते. औषधाच्या आडोशाला राहिलेल्या प्रतिकारशक्तीने विषाणूचं तोंडही पाहिलेलं नसतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत यकृत प्रत्यारोपणाच्या याच सर्वाधिक धोक्याच्या गटातले रुग्ण होते. काहींना १०० दिवस सरसकट औषध दिलं, काहींची दर आठवड्याला पीसीआर करून विषाणू दिसला तरच औषध दिलं. वर्षभरात सीएमव्हीचा आजार पहिल्या गटात १९ टक्क्यांना, तर दुसऱ्या गटात ९ टक्क्यांना झाला. विषाणूची थोडीशी ओळख होऊ दिली तेच कामी आलं, असं मला त्यातून वाटतं. अर्थात, दर आठवड्याला रक्त देणं आणि निकालावर लगेच हालचाल करणं जिथे जमेल तिथेच हे शक्य आहे.

इथे औषधसंशोधक गरट्रूड एलियन यांची आठवण होते. सुरुवातीची प्रत्यारोपणं ज्या अझॅथायोप्रीनच्या आधारावर उभी राहिली, ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध त्यांच्या आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलं. गॅन्सिक्लोव्हिरचा थोरला भाऊ असिक्लोव्हिर, त्यामागेही एलियन होत्या. तराजूची दोन्ही पारडी एकाच प्रयोगशाळेची. दोघांना १९८८ सालचं नोबेल मिळालं.

एपस्टाइन-बार विषाणूची तऱ्हा आणखी वेगळी. पहारा ढिला पडला की तो बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, बेसुमार वाढायला लावतो आणि त्यातून लिम्फोमा हा कर्करोग होऊ शकतो. तिथेही पहिली पायरी औषधं उतरवण्याचीच. त्याने भागलं नाही तर बी-पेशी मारणारं औषध रिटुक्सिमॅब. तेही हरलं तर दुसऱ्याच माणसाच्या, हा विषाणू ओळखायला शिकवलेल्या टी-पेशी देता येतात. अशा तयार पेशींच्या एका उपचाराला युरोपात डिसेंबर २०२२मध्ये मान्यता मिळाली.

याच्या अगदी उलट टोकाला हिपॅटायटिस सी. त्यावरच्या गोळ्या इतक्या गुणकारी निघाल्या, की पूर्वी बाद ठरणारे बाधित दात्यांचे अवयव आता समजून-उमजून, रुग्णाच्या संमतीने, हा विषाणू नसलेल्या माणसात बसवले जातात आणि नंतर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी संसर्ग बरा केला जातो.

आता प्रश्न उरतो डोसचा. रक्तातलं टॅक्रोलिमस मोजता येतं, पण प्रतिकारशक्ती खरोखर किती दबली आहे ते त्यावरून कळत नाही. इथे एक विषाणूच मदतीला आला आहे. टॉर्क टेनो विषाणू बहुतेकांच्या रक्तात असतो आणि त्याने कुठला आजार होतो असं आढळलेलं नाही. पहारा जितका ढिला, तितकी रक्तात त्याची संख्या जास्त. म्हणून ती संख्या पाहून औषधाचा डोस ठरवता येईल का, हे किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये तपासण्यासाठी युरोपात चाचणी हाती घेतली गेली. हा विषाणू १९९७ साली जपानमध्ये यकृतदाहाचं कारण शोधताना मिळाला. रुग्णाची आद्याक्षरं टी. टी. होती. यकृतदाहाशी त्याचा संबंध काही सिद्ध झाला नाही, आणि बरीच वर्षं त्याचं करायचं काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.