आधी नडगी, मग डोकं

आमच्या शाळेच्या क्रिकेट किटमध्ये पॅडच्या दोनच जोड्या होत्या, त्यातल्या एका पॅडचं बकल कायम तुटलेलं. सीझन बॉलनं सराव असला की एकेक पॅड वाटून घ्यायचा, उजव्या हातानं खेळणाऱ्यानं डाव्या पायाला बांधायचा आणि दुसरा पाय देवाच्या हवाली. कॅनव्हास फाटून आतल्या वेताच्या कांबी बाहेर डोकवायच्या, पळताना पोटरीला टोचायच्या. हेल्मेट किटमध्ये नव्हतंच, आणि नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. आज नेट्समध्ये आठ-दहा वर्षांचं पोर उतरतं ते थाय पॅड, चेस्ट गार्ड, ग्रिलचं हेल्मेट आणि त्याच्या मागं मानेवर फोमच्या दोन पट्ट्या लावून. ही सगळी सामग्री एकदम आली नाही. अवयवागणिक आली, आणि डोक्याचा नंबर फार उशिरा लागला.

सुरुवात पायापासून झाली. १८०० च्या आगेमागे इंग्लंडमध्ये फार्नहॅमचा रॉबर्ट रॉबिन्सन नावाचा बॅट्समन नडगीला दोन पातळ फळ्या कोन करून बांधून आला. चेंडू फळीवर आपटला की खाडकन आवाज व्हायचा आणि बघे खो खो हसायचे. फळ्या गेल्या. पुढची तीसेक वर्षं मंडळी उघड्या नडग्यांनी खेळत राहिली, कारण तोवर गोलंदाजी खालून होती. हात खांद्याच्या उंचीवर आला तसा वेग वाढला, आणि खेळपट्ट्या तर ओबडधोबडच होत्या.

१८३६ मध्ये लेस्टरला उत्तर विरुद्ध दक्षिण सामन्यात केंटचा धिप्पाड आल्फ्रेड मिन आधीच दुखावलेल्या पायानं खेळायला उतरला. समोर सॅम्युएल रेडगेट. पॅड नाहीत. मिननं नाबाद १२५ केल्या, आणि त्या होईस्तोवर रेडगेटचे चेंडू त्याच पायावर बसत राहिले. पाय इतका सुजला की घोडागाडीच्या आत त्याला बसवता येईना, म्हणून टपावर आडवं निजवून लंडनला नेलं. पाय कापायचाही विचार झाला होता. पाय वाचला, पण खेळात परतायला बराच काळ गेला. पुढच्या काही वर्षांत पॅड हळूहळू रुळले, ते अशा पायांकडे बघूनच. मिनचा समकालीन निकोलस वानोस्ट्रॉख्ट पेशानं शाळामास्तर. 'फेलिक्स' या टोपणनावानं खेळायचा. बोटांवर रबराच्या नळ्या शिवलेल्या ग्लोव्हजचं श्रेय बरंचसं त्याच्याकडे जातं.

वेताच्या कांबी, कापूस, वर कॅनव्हास किंवा चामडं, चामड्याचे पट्टे आणि बकलं: पॅडची ही घडण पुढं शंभर वर्षं फारशी हलली नाही. आपल्याकडे हे सामान सियालकोटहून यायचं. फाळणीनंतर तिथले कितीतरी कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि धंदाही त्यांच्याबरोबर आला. वेताच्या जागी हलका फोम आणि बकलाच्या जागी वेल्क्रो ही अलीकडची गोष्ट.

पॅडनं खेळाचा कायदाही बदलायला लावला, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत गमतीचा वाटतो. पाय सुरक्षित झाल्यावर बॅट्समन चेंडू बॅटऐवजी पॅडनंच अडवायला लागले. १९५७ मध्ये एजबॅस्टनला पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी वेस्ट इंडीजच्या सनी रामाधीनला असंच दमवलं. पहिल्या डावात सात बळी घेणाऱ्या रामाधीनला दुसऱ्या डावात ९८ षटकं टाकावी लागली, आणि या दोघांनी ४११ धावांची भागी केली. डावा पाय पुढं, पॅड मध्ये, बॅट पॅडच्या मागं. अपिलामागून अपिलं, पंच ढिम्म. नडगी वाचवायला आणलेली वस्तू अशी शस्त्र झाली. फटका न खेळता ऑफ स्टंपबाहेर पॅड लावणाऱ्यालाही पायचीत देता येईल, हा नियम १९७० नंतर आला.

डोक्याचं काय? १९३३ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडचा बॅट्समन पॅट्सी हेन्ड्रन तीन झापांची, आत रबर भरलेली टोपी घालून आला होता. बायकोनं शिवून दिलेली. लोक हसले. टोपी त्याच्यापुरतीच राहिली.

मग मार्च १९६२. ब्रिजटाऊन, बार्बाडोसविरुद्धचा सामना. भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, समोर चार्ली ग्रिफिथ. चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या मागं लावतात तो पडदा, साइटस्क्रीन, नव्हता. चेंडू सुटताना पॅव्हेलियनमधली एक खिडकी उघडली आणि लक्ष तिकडं गेलं, असं कॉन्ट्रॅक्टर पुढं सांगत. चेंडू उजव्या कानाच्या वर बसला. कवटी फुटली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढं आला. आपल्यांपैकी चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनी दिलं. म्हणजे पुण्याचा एक, नाशिकचा एक आणि सोलापुरात जन्मलेला एक. बंगालमध्ये आजही वॉरेलच्या नावानं रक्तदान होतं. कॉन्ट्रॅक्टर जगले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एकविसाव्या वर्षी पतौडी कर्णधार झाला.

आता वाटेल की यानंतर तरी हेल्मेट आलं असेल. नाही आलं. १९७६ मध्ये किंग्स्टनला मायकल होल्डिंगचा चेंडू अंशुमन गायकवाडच्या कानावर बसला, त्याला इस्पितळात न्यावं लागलं. ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं, विश्वनाथचं बोट मोडलं. दुसऱ्या डावात पाच बाद ९७ वर भारताचा डाव संपला, उरलेले खेळायच्या स्थितीतच नव्हते. हे सगळं उघड्या डोक्यांनी. त्याच काळात आपला एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅटच्या टोकाशी उभा राहायचा, ना हेल्मेट, ना नडगीला गार्ड. २७ कसोटींत ५३ झेल. हिंदू जिमखान्याच्या माळ्याच्या या पोराचं कौतुक करताना आपण एक विसरतो, की ती जागा किती जीवघेणी होती. १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा त्याच जागी हेल्मेटशिवाय उभा राहिला, कपाळाला चेंडू लागला आणि तीन दिवसांत गेला.

हेल्मेट शेवटी आलं ते ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकर या टीव्हीवाल्या धनिकानं भरवलेल्या बंडखोर सामन्यांत. १९७७ मध्ये अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूनं डेव्हिड हुक्सचा जबडा मोडला, आणि डेनिस अमिसचं मोटारसायकलवाल्यासारखं हेल्मेट अचानक शहाणपणाचं वाटू लागलं. कसोटीत ते पहिल्यांदा घातलं ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपनं, मार्च १९७८ मध्ये. मैदान ब्रिजटाऊनचंच. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सुनील गावसकरनं १९८३ मध्ये माल्कम मार्शलचा चेंडू कपाळावर खाल्ल्यानंतर स्वतःपुरती कवटीटोपी करून घेतली; पुरतं हेल्मेट त्यानं घातलंच नाही. व्हिव्ह रिचर्ड्स तर शेवटपर्यंत टोपीतच.

२०१४ मध्ये सिडनीला फिल ह्यूज हेल्मेट घालून खेळत होता. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर बसला, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फुटली आणि तो गेला. मानेवरच्या त्या दोन फोमच्या पट्ट्या तेव्हापासूनच्या. तरी २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसला तेव्हा स्टीव्ह स्मिथनं त्या लावलेल्या नव्हत्या. अडचण होते म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू, म्हणजे डोक्याला मार लागलेल्याच्या जागी उतरलेला. ऑस्ट्रेलियानं २०२३ पासून पट्ट्या सक्तीच्या केल्या.

कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षं तिथंच होती. तिच्यावरची त्वचा झिजायला लागली म्हणून २०२२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, मुंबईत शस्त्रक्रिया करून ती काढून टाकण्यात आली.