मेंदूतला उलटा निरोप आणि गांजाचे माहितीपट

गांजा कायदेशीर करावा की करू नये, यावरचे माहितीपट मी आवडीने बघतो. अलीकडे ओळीने पाच-सहा पाहिले आणि एक गोष्ट खटकत राहिली. बाजू कुठलीही घेतलेली असो, सगळा डोलारा एका माणसाच्या कहाणीवर उभा असतो. एकात गांजापायी वाया गेलेला तरुण, दुसऱ्यात गांजाच्या तेलाने सावरलेलं मूल. कहाण्या खोट्या नसतात. पण मेंदूत नेमकं होतं काय, हे दोन्हीकडे अर्ध्या मिनिटाच्या ॲनिमेशनमध्ये उरकून टाकतात. या विषयातलं सगळ्यात देखणं विज्ञान तिथेच आहे आणि वादातला निम्मा गोंधळ त्यानेच सुटतो, म्हणून हा लेख.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला माहितीपट २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीएनएन वाहिनीवर आला. तो करणारे डॉ. संजय गुप्ता स्वतः मेंदूचे शल्यविशारद. त्याच्या चार वर्षं आधी त्यांनी गांजाला मोकळीक देण्याविरुद्ध लिहिलं होतं. या वेळी आपलं मत बदलल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यात कोलोरॅडोतली एक लहान मुलगी आहे. तिला ड्रॅव्हे सिंड्रोम, म्हणजे जन्मजात जनुकीय दोषामुळे होणारा अपस्माराचा फार वाईट प्रकार. आठवड्याला सुमारे ३०० फिट यायच्या. औषधं करून थकल्यावर आईवडिलांनी तिला गांजाच्या एका खास जातीचं तेल द्यायला सुरुवात केली आणि फिट महिन्याला दोन-तीनवर आल्या. हे पाहून अनेक कुटुंबं आजारी मुलांना घेऊन कोलोरॅडोत राहायला गेली. मीही ते दृश्य पाहताना डोळे पुसले.

त्या तेलात होतं काय? गांजाच्या झाडात शंभरावर कॅनाबिनॉइड रसायनं असतात. त्यातली दोन इथे महत्त्वाची: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी. इस्राएलमध्ये राफाएल मेशूलम यांनी त्यांची रचना १९६३-६४ मध्ये उलगडली. संशोधनासाठी पोलिसांनी जप्त केलेलं पाच किलो हशीश त्यांनी पिशवीत घालून चक्क बसने प्रयोगशाळेत नेलं होतं. टीएचसी मेंदूत कुठे जाऊन बसतं, हे मात्र १९८८ मध्ये कळलं. त्या जागेचं नाव सीबी१ ग्राही. मेंदूत हे ग्राही भरपूर आहेत. आता प्रश्न असा, की एका झाडातल्या रसायनासाठी आपल्या मेंदूने इतकी कुलुपं का करून ठेवली असतील?

कुलुपं झाडासाठी नव्हतीच. १९९२ मध्ये मेशूलम यांच्याच गटाला मेंदूत तयार होणारी किल्ली सापडली. त्यांनी तिचं नाव संस्कृतातल्या ‘आनंद’वरून आनंदामाइड ठेवलं. १९९५ मध्ये दुसरी सापडली, २-एजी. या किल्ल्या काम कशा करतात, ते पाहण्यासारखं आहे.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते, हे शाळेत शिकवतात. पहिली पेशी रसायन सोडते, ते फट ओलांडून दुसरीला उठवतं. निरोप एकाच दिशेने जातो, असं पाठ्यपुस्तक सांगतं. पण दुसरी पेशी जोरात उत्तेजित झाली, की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि ती आपल्याच पटलातल्या स्निग्ध पदार्थापासून जागच्या जागी २-एजी बनवते. इतर चेतारसायनं पुड्या बांधून साठवलेली असतात. हे गरजेपुरतं, ताजं बनतं. मग ते फट उलट्या दिशेने ओलांडतं आणि निरोप पाठवणाऱ्या पेशीच्याच टोकावरच्या सीबी१ ला चिकटतं. तिथले कॅल्शियमचे दरवाजे मिटतात आणि तिचं रसायन सोडणं मंदावतं. म्हणजे ऐकणारी पेशी बोलणारीला सांगते, ‘पुरे, पोचलं.’ काही सेकंदांत विकरं (एन्झाइम) त्या किल्लीचे तुकडे करतात आणि पूर्ववत बोलणं सुरू होतं. असा उलटा निरोप जातो, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांत दिसलं होतं. तो कोण नेतो, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. थोडी गुंतागुंत पुढेच आहे. सीबी१ उत्तेजक पेशींवर असतात तसेच शमन करणाऱ्या पेशींवरही असतात. शमन करणारीला ‘पुरे’ म्हटलं, की पुढची पेशी उलट मोकाट सुटते. म्हणून परिणाम मेंदूत सगळीकडे सारखा होत नाही.

आता टीएचसीकडे या. ते याच कुलपात बसतं, पण जिथे गरज तिथेच, सेकंदभर, असं त्याचं नसतं. सगळीकडे एकदम ‘पुरे, पुरे’ सुरू होतं आणि तासन्‌तास चालतं. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, सीबी१ दाट, म्हणून आत्ता ऐकलेलं आठवत नाही. हालचालींचा मेळ राखणाऱ्या अनुमस्तिष्कात दाट, म्हणून तोल आणि हालचाली बिघडतात. श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या मस्तिष्कस्तंभात मात्र ते फार विरळ, म्हणून अफूवर्गातली औषधं श्वास थांबवून जीव घेतात तसं टीएचसीने होत नाही.

आणि सीबीडी? ते या कुलपात जवळजवळ बसतच नाही. माहितीपटातल्या मुलीच्या फिट कमी होणं आणि तरुणाला नशा चढणं, या दोन गोष्टी एकाच झाडातून आल्या तरी मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकीचा दाखला देऊन दुसरीबद्दलचा कायदा ठरवता येत नाही.

त्या मुलीचा अनुभव खरा होता का, याची तपासणी झाली. ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांवर चाचणी घेतली, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्ध सीबीडी घेणाऱ्या मुलांत महिन्याच्या झटक्यांचं मध्यक १२.४ वरून ५.९ वर आलं. नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१ वर. म्हणजे औषध चालतं. पण मी ज्या आकड्यावर थबकलो तो दुसराच. सीबीडी घेणाऱ्यांतल्या ४३ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, आणि बिनऔषधी द्रावण घेणाऱ्यांतल्याही २७ टक्क्यांचे! अपस्मार कमी-जास्त होतच असतो. या २७ टक्क्यांतल्या एखाद्या घरी कॅमेरा गेला असता, तर साध्या द्रावणाचा चमत्कार तितक्याच प्रामाणिकपणे चित्रित झाला असता. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, हे औषध मान्य केलं. तेव्हा तिथे गांजा केंद्रीय कायद्याने बंदच होता. औषध मिळण्यासाठी नशा मोकळी करावी लागली नाही.

‘गांजाचं तेल कॅन्सर बरा करतं’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादाला लागून कृपया कुणी उपचार थांबवू नका. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मारणारी रसायनं हजारो आहेत, त्यातली माणसात उपयोगी पडणारी मूठभर. आणि ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं २०१७ मध्ये तपासली, तेव्हा लेबलवरचं प्रमाण जेमतेम ३१ टक्क्यांत बरोबर निघालं. १८ बाटल्यांत टीएचसीही होतं. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून ते आजारी मुलाला पाजणं मला भीतिदायक वाटतं.

गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते न्यायाविषयीचं मत आहे, रसायनाविषयीचं नाही. रसायन सौम्य राहिलेलं नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालातलं टीएचसी १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये सुमारे १२. युरोपातल्या २०१९ च्या अभ्यासात, रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचं (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचं) प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसलं. मुळात त्या वाटेवर असलेलेच गांजाकडे जास्त वळतात की काय, हा आक्षेप खरा आहे आणि तो पूर्ण सुटलेला नाही. तरी किशोरवयात चेतापेशींच्या जोडण्यांची छाटणी चालू असते आणि त्या कामात हाच उलटा निरोप लागतो, म्हणून मला या वयाची सगळ्यात काळजी वाटते. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर करताना किमान वय १८ ठेवलं. बहुतेक प्रांतांनी ते १९ केलं, आणि क्वेबेकने २०२० मध्ये १८ वरून थेट २१ वर नेलं.