बारा तास झाले, पण उतरली का?

भारतात विमान उडवण्याआधी १२ तास वैमानिकाने दारूला शिवायचं नाही, असा नियम आहे. अमेरिकेत हीच मुदत ८ तासांची. शिवाय रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा वेगळी: अमेरिकेत १०० मिलिलिटर रक्तात ४० मिलिग्रॅमच्या आत, ब्रिटनमध्ये २०, आणि आपल्याकडे थेट शून्य. आपल्या रस्त्यांवर वाहनचालकाला ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे ३५ मिलिग्रॅमवर अमेरिकी वैमानिक आकड्याच्या मर्यादेत बसतो, पण तोच पुण्यात रिक्षा चालवताना सापडला तर गुन्हेगार ठरतो!

तासांचा नियम पाळायला सोपा, पण यकृत घड्याळाकडे बघून काम करत नाही. अल्कोहोल फोडणारी यकृतातली विकरं थोड्याशा दारूतच पूर्ण क्षमतेने कामाला लागतात. त्यानंतर कितीही ढोसली तरी निचऱ्याचा वेग तोच राहतो: तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, माणसागणिक थोडा कमी-जास्त. रात्री दहाला कोणाच्या रक्तात १८० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सहाला, म्हणजे आठ तास भरल्यावरही, ६० उरतात. शून्य व्हायला दहा वाजतात. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तरतरी येईल. यकृताला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

मार्च १९९०मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एका बोइंग ७२७ने फार्गोहून मिनियापोलिसला पहाटेचं उड्डाण केलं. कॉकपिटमधले तिघेही आदल्या रात्री बारमध्ये होते. विमान सुखरूप उतरलं आणि तिघांना अटक झाली. त्यानंतरच्या तपासणीत कॅप्टनच्या रक्तात १३० मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. तिघांनाही तुरुंगवास झाला. ‘उतरवलं ना नीट?’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. हवा स्वच्छ आणि यंत्रं धड असली की बरंच काही निभावतं. प्रश्न असतो तो काही बिघडलं तर, याचा.

आणि बिघडायला आपला कानच पुरेसा आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. प्रत्येकीत द्रव असतो आणि त्यात एक मऊ, जेलीसारखा पडदा. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा झुकतो आणि मेंदूला वळण कळतं. पडदा आणि द्रव यांची घनता सारखी असते, म्हणून नुसतं आडवं झाल्याने काही जाणवत नाही. अल्कोहोल मात्र रक्तातून आधी पडद्यात शिरतं. पडदा हलका होतो, आणि पलंगावर पडलं की खोली गरगरू लागते. काही तासांत द्रवही बरोबरीला येतो आणि चक्कर थांबते. पुढे पडद्यातलं अल्कोहोल आधी निघून जातं, द्रवातलं मागे राहतं. आता पडदा जड ठरतो आणि चक्कर उलट्या दिशेने सुरू होते. रक्तातलं अल्कोहोल संपल्यावरही हा दुसरा टप्पा काही तास चालू शकतो. ढगांत किंवा अंधारात क्षितिज दिसत नसताना वैमानिकाला कान तसाही फसवतच असतो. त्यात ही भर.

स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी १९८६मध्ये अमेरिकी नौदलाच्या १० वैमानिकांवरचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना रक्तात १०० मिलिग्रॅम होईल इतकी दारू पाजून १४ तासांनी सिम्युलेटरमध्ये बसवलं. तोवर हिशेबाने रक्त स्वच्छ झालेलं होतं. तरीही त्यांची कामगिरी दारू न घेतलेल्या दिवसापेक्षा खालावलेली निघाली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण १२ तासांच्या पुढचं १४ तासांचं हे निरीक्षण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

कानातला हा शिल्लक परिणाम ब्रेथ ॲनालायझरला दिसत नाही. त्याला दिसतं ते श्वासातलं अल्कोहोल. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढतात. श्वास फुप्फुसातून आला की तोंडातून, हे यंत्राला कळत नाही. म्हणून अल्कोहोल असलेला माउथवॉशही कर्मचाऱ्यांना वर्ज्य आहे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर चूळ भरायला सांगून थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावतात. तोंडातलं अल्कोहोल साधारण १५ मिनिटांत उडून जातं, रक्तातलं तेवढ्यात फारसं हलत नाही. दुसऱ्यांदाही आकडा शून्यावर आला नाही, तर पहिल्या गुन्ह्याला परवाना तीन महिने निलंबित होतो आणि दुसऱ्याला तीन वर्षं.