जगप्रसिद्ध वास्तूंची चित्रं रंगवण्याचा छंद

ताजमहाल, आयफेल टॉवर, कोलोझियम, गोल्डन गेट पूल, आपलं सीएसएमटी अशा ओळखीच्या वास्तूंची नुसत्या काळ्या रेषांत छापलेली चित्रं घ्यायची आणि रंगीत पेन्सिली, स्केचपेन, तेलखडू नाहीतर जलरंगांनी निवांत बसून रंगवायची, असा हा छंद. चित्र पुस्तकातलं असतं किंवा नेटवरून उतरवून प्रिंट काढलेलं, आणि हल्ली टॅबवरही रंगवतात. मोठ्या माणसांत याची लाट आली ती २०१३ मध्ये जोहाना बॅसफर्डचं ‘सीक्रेट गार्डन’ आल्यावर, पण त्यात फुलंपानं होती. शहरं आणि इमारतींकडे लोक वळले त्यात स्टीव्ह मॅकडोनाल्डच्या ‘फॅन्टास्टिक सिटीज’ (२०१५) या पुस्तकाचा मोठा वाटा मानतात, त्यात शहरं उंचावरून दिसावीत तशी काढलीत.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी सरळ लिहिलेलं सापडतं की पहिलं रंगवण्याचं पुस्तक १८७९ सालचं ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ आणि ते न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सचं. पण केट ग्रीनअवेच्या चित्रांचं हे पुस्तक मुळात लंडनच्या कॅसल कंपनीने काढलेलं, अमेरिकन आवृत्ती बहुधा त्यावरूनच आली, त्यामुळे हे श्रेय जपूनच द्यायला हवं. दुसरा गट आणखी मागे जातो, १७६० च्या सुमारास लंडनमध्ये निघालेल्या ‘द फ्लोरिस्ट’पर्यंत, म्हणजे फुलांच्या ६० चित्रांचा संच आणि सोबत कुठल्या पाकळीला कुठला रंग द्यायचा याच्या सूचना, मोठ्यांसाठीचं पहिलं रंगपुस्तक हेच असं म्हणायची पद्धत आहे. तिसरं मत नकाशांचं. अब्राहम ऑर्टेलियस, ज्याच्या १५७० च्या ॲटलासमुळे तो जगाला माहीत झाला, त्याचं नाव १५४७ साली अँटवर्पच्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघात, नकाशे रंगवणारा म्हणून नोंदलेलं आहे. छापलेल्या रेषा एकाच्या आणि रंग दुसऱ्याच्या हाताचे, ही कामाची वाटणी तेव्हापासून तरी नक्की आहे.

पण वास्तूंच्या चित्रांपुरतं बोलायचं तर या तिन्हींपेक्षा जवळचा पूर्वज वेगळाच वाटतो, तो म्हणजे अठराव्या शतकातली ‘व्ह्यू दॉप्टिक’ जातीची चित्रं. साधारण १७४० पासून शतक संपेपर्यंत पॅरिस, लंडन, आउग्सबुर्ग आणि इटलीतलं बास्सानो इथे ती ढिगाने छापली जायची: रोमचे चौक, व्हेनिसचे कालवे, व्हर्सायच्या बागा, पेकिंगचे कल्पनेतले राजवाडे. भिंग आणि आरसा बसवलेल्या झोग्रास्कोप नावाच्या यंत्रातून ती बघायची, म्हणून पर्स्पेक्टिव्ह मुद्दाम खोल काढलेलं आणि वरचं शीर्षक बऱ्याचदा उलटं छापलेलं, आरशात सुलटं दिसावं म्हणून. रंग हातानेच भरायचे, कारखान्यात बसून भराभर, आणि ज्याने ब्रश धरलाय त्याने ती जागा पाहिलेली असायची शक्यता फार कमी, त्यामुळे एकाच चर्चची एक प्रत गुलाबी तर दुसरी पिवळी. हे काम बायका आणि मुलं करायची असं सांगतात. मुंबईचंही याच काळातलं चित्र आहे, जॅन व्हॅन राइनने कोरलेलं, बहुधा १७५४ सालचं, समुद्रावरून दिसणारा किल्ला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं, आणि ते निघालं लंडनच्या रॉबर्ट सेअरच्या दुकानातून. ‘द फ्लोरिस्ट’ काढणाऱ्यांतही हाच सेअर होता, हा धागा उगमाच्या चर्चेत सहसा कुणी पकडत नाही पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण फुलं आणि वास्तू या दोन्ही शाखा मग एकाच गल्ल्यावर येऊन मिळतात. फरक एवढाच की तेव्हा वास्तू रंगवून विकत मिळायची, आता ती न रंगवलेली विकत घेतात.

रंग कुठला द्यायचा हा या छंदातला सगळ्यात रंगणारा वाद. मंडल (गोलात बसवलेली नक्षी) किंवा फुलांच्या नक्षीला काहीही चालतं, वास्तूला मात्र खरा रंग असतो असं आपण धरून चालतो, आणि थोडं खोदलं की तो बदलत गेलेला दिसतो. आयफेल टॉवर घ्या. त्याचे लोखंडी भाग १८८७-८८ मध्ये लाल रंगात आले, १८८९ च्या प्रदर्शनाला टॉवर तांबूस तपकिरी होता, १८९९ मध्ये खाली नारिंगी-पिवळा आणि वर जात फिका पिवळा अशा पाच छटा दिल्या, १९०७ ला पिवळट तपकिरी, १९५४ ला तपकिरी लाल, आणि १९६८ पासून खास त्याच्यासाठी तयार केलेला तपकिरी, तोही तीन छटांत, खाली गडद वर फिका. साधारण दर ७ वर्षांनी रंगवायचा आणि एका वेळी ६० टन रंग लागतो. २०१९ ला सुरू झालेल्या कामात पुन्हा १९०७ चा पिवळट तपकिरी निवडला. म्हणजे पिवळ्या पेन्सिलीने आयफेल रंगवणाऱ्याला चूक म्हणायचं काही कारण नाही.

अथेन्सचं जुनं ग्रीक मंदिर पार्थेनॉन पांढरंच रंगवतात, पण मुळात त्याच्या शिल्पांवर रंग होते. २००९ मध्ये तिथल्याच, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या आयरिस देवीच्या मूर्तीच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळ्याचे अंश सापडले. मॉस्कोचं सेंट बेसिल चर्च (१५५५–६१) आज जितकं रंगीबेरंगी दिसतं तसं ते बांधलं तेव्हा नव्हतं, ते रंग साधारणपणे सतराव्या शतकापासून चढत गेले. गोल्डन गेटचा नारिंगी मात्र पहिल्यापासूनचा (१९३७). नौदलाला तिथे काळे-पिवळे पट्टे हवे होते, आर्किटेक्ट आयर्विंग मॉरोने प्रायमरच्या, म्हणजे आधी दिलेल्या अस्तराच्या, लालसर रंगावरून ‘इंटरनॅशनल ऑरेंज’चा आग्रह धरला. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या छतावर १०,५६,००६ टाइल्स आहेत, स्वीडनमध्ये बनवलेल्या, काही चकचकीत पांढऱ्या आणि काही मॅट क्रीम, म्हणून तो कागद कोराच सोडला तर अर्धं काम राहिलं असं समजायचं.

पांढऱ्या दगडाचीच खरी परीक्षा असते. ताजचा घुमट रंगवताना आधी उजेड कुठून येतो ते ठरवतात, त्या बाजूला कागद मोकळा ठेवतात, उलट्या बाजूला फिकट जांभळा आणि राखाडी हलक्या हाताने गोलाईच्या दिशेने दोन-तीन थर, मध्ये किंचित क्रीम किंवा गुलाबी, आणि शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने दाबून घासून सगळं एकजीव करायचं. काळी पेन्सिल सावलीला वापरली की संगमरवर मळकट दिसतो. बाजूची मशीद लाल दगडाची, तिच्यात विटकरी रंग भरला की घुमट आपोआप उजळतो. गेटवे ऑफ इंडिया (पायाभरणी १९१३, पूर्ण १९२४, आर्किटेक्ट जॉर्ज विटेट) पिवळट बेसॉल्टचा आहे, त्याला लोक सवयीने राखाडी देतात, पण मातकट पिवळ्यावर तपकिरी सावली जास्त खरी उतरते. कागदाचं म्हणाल तर झेरॉक्सचा ७०–८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद पेन्सिलीला ठीक, स्केचपेन त्यातून मागे उतरतो, आणि जलरंगाला २०० च्या वरचा लागतो. साहित्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दांडेकरांच्या कॅमलचं, १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू झालेली ही कंपनी, आता कोकुयो कॅमलिन.

मन शांत होतं का याबद्दल दावे खूप आहेत. करी आणि कॅसर या संशोधकांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग तीन गट करून मंडल, चौकड्यांची नक्षी नाहीतर कोरा कागद रंगवायला दिला. पहिल्या दोन गटांची चिंता उतरली, कोऱ्या कागदाची नाही. २०१२ मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मंडल चौकड्यांपेक्षाही सरस ठरलं. दोन्हीत वास्तूचं चित्र नव्हतं, पण ठरलेल्या रेषा आणि पुरेशी गुंतागुंत हे गुण वास्तूच्या चित्रात भरपूर असतात, तेव्हा निष्कर्ष इथे लावणं पटण्यासारखं आहे. याला उपचार म्हणू नये. कैमल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात नुसतं रंगवण्याने ताण कमी झाला खरा, पण आर्ट थेरपिस्टसोबत मोकळेपणी काम केलेल्यांना जास्त फायदे दिसले.

फुकट चित्रं हवी असतील तर न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ मेडिसिनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘कलर अवर कलेक्शन्स’ उपक्रमात ग्रंथालयं आणि संग्रहालयं दरवर्षी आपल्याकडच्या जुन्या छापील चित्रांची पानं देतात. स्वतः रेखाचित्र काढून विकणाऱ्यांनी कायदा बघावा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ प्रमाणे वास्तूचं चित्र काढणं आणि छापणं हा भंग धरत नाहीत. फ्रान्समध्ये वास्तूंच्या चित्रांना २०१६ पासून दिलेली सूट फक्त व्यक्तींना आणि बिगर-व्यापारी वापरालाच आहे. आयफेल स्वतः मोकळा आहे, कारण गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले आणि त्यावरचा कॉपीराइट केव्हाच संपला, पण त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर टॉवर चालवणारी कंपनी हक्क सांगते, म्हणून विक्रीच्या पुस्तकात टॉवर दिवसाचाच काढलेला बरा.