चर्चमध्ये वाजवणारे आले कुठून
दर रविवारी कीबोर्डवर बसणाऱ्याला किंवा गिटार लावणाऱ्याला वाटतं की चर्च म्हणलं की वाद्यं आलीच, पहिल्यापासून असंच असणार. तसं अजिबात नाहीये, पहिली कित्येक शतकं चर्चमध्ये वाजवणाऱ्याला जागाच नव्हती.

त्याच्याही आधी, यरुशलेमच्या मंदिरात मात्र हे रीतसर काम होतं. बायबलमधला १ इतिहास २५ वाचा, आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यातले २८८ जण, हातात झांजा, सतारी, वीणा, आणि सेवेच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या, त्यात लहान-मोठा, गुरू-शिष्य असा फरक नाही. (आजच्या किती टीममध्ये असं चालेल कुणास ठाऊक.) इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं आणि ही सेवाही संपली.

सुरुवातीचे ख्रिस्ती लोक नुसतंच गायचे. कारण त्या काळात बासरी, ढोल म्हणजे मूर्तिपूजेचे उत्सव, नाटकं आणि दारूच्या मेजवान्या, त्यामुळे आलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, जॉन क्रिसोस्टम असे त्या काळचे चर्चचे शिक्षक वाद्यांवर तुटूनच पडले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी अजूनही नुसता आवाज चालतो. आणि ज्या ऑर्गनला आपण चर्चचं वाद्य म्हणतो तो मुळात चर्चचा नाहीच! इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाण्याच्या दाबावर चालणारा केला, मग तो रोमन लोकांच्या खेळतमाशात वाजला, ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिनला एक भेट पाठवला तोही दरबारी थाट म्हणून. चर्चमध्ये तो हळूहळू नंतर शिरला. दहाव्या शतकात विंचेस्टरच्या ऑर्गनला हवा भरायला ७० माणसं लागायची असं एका मठवासीयाने लिहून ठेवलंय, थोडं तिखटमीठ लावलं असेल.

सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, परत गोंधळ. जर्मनीतला सुधारक मार्टिन ल्यूथर स्वतः ल्यूट (गिटारसारखं तंतुवाद्य) वाजवायचा, त्याला संगीत हवंच होतं. झ्युरिकचा सुधारक झ्विंगली, त्याला तर कितीतरी वाद्यं यायची, तरी झ्युरिकमधलं ऑर्गन त्याच्याच काळात बंद झालं, १५२७ ला मोठ्या चर्चमधला फोडला पण. म्हणजे संगीत न कळणाऱ्यांनीच विरोध केला असं कुणी म्हणलं तर ते खरं नाही, संगीताची ताकद चांगली माहीत असल्यामुळेच झ्विंगली घाबरला असावा असं मला वाटतं.

जर्मनीतल्या लायपझिगमध्ये चर्चचं संगीत सांभाळणाऱ्या संगीतकार बाखचं दुखणं वेगळंच होतं. १७३० मध्ये त्याने शहराच्या कौन्सिलला लेखी कळवलं की चर्चसाठी नेमलेले वादक फक्त ८ आहेत, चार शहराचे वादक, तीन व्हायोलिनवाले, एक शिकाऊ, आणि हवेत किमान १८. बाकीची जागा विद्यार्थी भरून काढायचे. आज रविवारी सकाळी "ड्रमर येतोय ना?" असा मेसेज टाकणाऱ्याला हे दुखणं कळेल.

इंग्लंडच्या खेड्यांत अठराव्या शतकापासून चर्चच्या मागच्या गॅलरीत गावातलेच लोक व्हायोलिन, क्लॅरिनेट, बॅसून अशी वाद्यं घेऊन वाजवायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जागी ऑर्गन नाहीतर हार्मोनियम आला, एक माणूस बसला की काम झालं, बाकीच्यांना घरी पाठवलं. त्याच शतकात उलटंही झालं, १८७८ ला सॉल्झबरीत फ्राय नावाचा बाप आणि त्याची तीन मुलं पितळी वाद्यं घेऊन मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) मदतीला रस्त्यावर उभी राहिली आणि तिथून त्यांचे ब्रास बँड सुरू झाले.

कॅथलिक चर्चमध्ये १९०३ ला पोप दहावे पायस यांनी पियानो, ड्रम, झांजा चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं. झांजा, म्हणजे आसाफचंच वाद्य! १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान कायम ठेवून बाकीच्या योग्य वाद्यांनाही दार उघडलं, आणि मग काही वर्षांतच गिटार आत आली. ड्रमवाला आला तो मात्र बऱ्याच ठिकाणी पारदर्शक काचेच्या आड बसतो, आवाज फार होतो म्हणून.