अडलेले बाळंतपण आणि तीन विलंब (ग्रामीण विदर्भ)

बाळंतपणात गुंतागुंत झाल्यापासून नेमका उपचार सुरू होईपर्यंत वेळ कुठे जातो, हे सांगणारी मांडणी. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी ती १९९४ मध्ये केली. न्यायचे ठरवण्यातला, वाटेतला आणि दवाखान्यात पोचल्यावरचा, असे तीन विलंब त्यांनी सांगितले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांतही बाई दगावते.

मेळघाटातल्या धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाट. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आडवाटेच्या पाड्यांवरून बाईला खाटेवर घालून, खाट बांबूला बांधून, गाडी येईल त्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. पण फोनला रेंज नसेल तिथे ती बोलवायची कशी?

पहिल्या विलंबाला ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे तर घरात दुसरी लहान मुले असतात, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते, आणि कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला दवाखान्यात आपले दुखणे सांगता येत नाही. मागच्या खेपेला कुणी वसकन अंगावर आले असेल, तर तेही ती विसरत नाही.

सगळ्यात कमी बोलले जाते ते तिसऱ्या विलंबाबद्दल. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी हाताशी लागते. यातले एक नसले की ‘रेफर’ची चिठ्ठी मिळते: प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि रक्तक्षय दोन्ही आढळतात. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडाही स्राव झेपत नाही. २०१८–२० मध्ये महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. राज्याच्या या सरासरीत भामरागड दिसत नाही.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, रक्त आणि ने-आण मोफत आहे. आदिवासी भागातली ‘माहेरघरे’ हा त्याहून नेमका उपाय: तारखेच्या काही दिवस आधीच गरोदर बाईने आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहायचे, लहान मूल आणि सोबतीच्या बाईसह. पूर आला तरी नदी ओलांडायची वेळ येत नाही. मात्र माहेरघरातल्या बाईचे बाळ आडवे निघाले, तर तिलाही पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा रस्ता धरावाच लागतो.