एकाच थायरॉईडमध्ये दोन कर्करोग : पार्श्वभूमी

थायरॉईड काढून टाकल्यावर आलेल्या बायोप्सी रिपोर्टवर क्वचित पॅपिलरी आणि मेड्युलरी अशी दोन कर्करोगांची नावे एकाखाली एक छापलेली असतात. तो कागद घेऊन इस्पितळाच्या बाकावर बसलेले नातेवाईक साहजिकच विचारतात, "एकातूनच दुसरा पसरला काय?" बहुतेक वेळा तसे नसते.

पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेल्या ज्या वैद्यकीय शाळेतून आजचे बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) उभे राहिले, तिच्या पहिल्या शंभर वर्षांत असा रिपोर्ट कोणालाच लिहिता आला नसता. मेड्युलरी कर्करोगाला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९५९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्तीच्या दोनच वर्षे आधी, हॅझर्ड, हॉक आणि क्राईल यांच्या निबंधातून. पुढे कॉप यांनी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक शोधले, पण ते पॅराथायरॉईडचे, म्हणजे थायरॉईडला चिकटून असलेल्या छोट्या ग्रंथींचे, मानले. ते थायरॉईडमधूनच येते हे १९६४ पर्यंत स्पष्ट झाले. १९६६ मध्ये पिअर्स यांनी ते बनवणाऱ्या पेशींना 'सी' पेशी म्हटले आणि त्याच वर्षी विल्यम्स यांनी मेड्युलरी कर्करोगाचे मूळ याच पेशींत असल्याचे मांडले. पॅपिलरी मात्र आयोडीन शोषणाऱ्या पुटिकापेशींतून होतो. ग्रंथी एक, पण पेशींची घराणी दोन.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक डोळ्यांना दिसतो : पॅपिलरीची केंद्रके आतून पुसून काढल्यासारखी फिकट, तर मेड्युलरीत अनेकदा अमायलॉइड या साचलेल्या प्रथिनाचे थर, जे काँगो रेड हा रंग लावून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकतात.

मग दोन्ही एकत्र का येतात? फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात सुमारे ३६ टक्के थायरॉईडमध्ये लपलेला, बहुधा अगदी बारीक पॅपिलरी कर्करोग आढळला होता. तेव्हा मेड्युलरीसाठी काढलेल्या ग्रंथीत तो योगायोगाने सापडणे मला तरी फारसे गूढ वाटत नाही. एकाच गाठीत दोन्ही पेशी मिसळलेल्या असणे हा प्रकार वेगळा, फार दुर्मीळ आणि अजून वादाचा आहे.

उपचारात या इतिहासाची रोज गरज पडते. किरणोत्सारी आयोडीन पॅपिलरीच्या पेशी शोषतात, मेड्युलरीच्या नाही. म्हणून पहिल्यासाठी थायरोग्लोब्युलिन (पुटिकापेशींत बनणारे प्रथिन) आणि दुसऱ्यासाठी कॅल्सिटोनिन, अशा दोन्ही तपासण्यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय मेड्युलरीचे सुमारे २५ टक्के रुग्ण आनुवंशिक असतात आणि त्यामागचा रेट (RET) नावाच्या जनुकातला दोष १९९३ पासून माहीत आहे, त्यामुळे रुग्णात तो आढळला तर भावंडांचे आणि मुलांचेही रक्त तपासायला घेतात.